मेल्यावर तरी सोडा की!

आमच्या जळगाव जिल्ह्यात हल्ली तिरडी बांधायच्या आधी स्टेटस पडतं. मेलेला वैरी असला तर हसऱ्या तोंडांच्या रांगेसकट! 'बरं व्हयनं, मरी गया.' कोण गेलं? सख्खा चुलतभाऊ. गुन्हा काय? केळीच्या वावराचा वीतभर बांध कोरला.

२१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात कसाबला फाशी झाली तेव्हाही लोकांनी पेढे वाटले, फटाके फोडले. ज्यांच्या घरातलं माणूस २६/११ ला गेलं, त्यांना मी काय शिकवणार? त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल, ते समजतं. पण तेच माप तुम्ही सोसायटीच्या निवडणुकीत आडव्या आलेल्या माणसाला लावता?

टोकलं की यांचं उत्तर ठरलेलं: 'दसऱ्याला रावण जाळतोच ना आपण!' जाळता ना, मग पुढचंही ऐका. रावण पडल्यावर विभीषण त्याचे अंत्यसंस्कार करायला तयार नव्हता. रामच म्हणाला, 'मरणान्तानि वैराणि'. वैर मरणापाशी संपलं, संस्कार कर, आता तो जसा तुझा तसाच माझाही. हे कुणी स्टेटसला ठेवत नाही.

आणि हेच महाभाग तेराव्याला पहिल्या पंगतीत, बुंदी वाढून घेताना 'माणूस चांगला होता हो' म्हणत!

बरं, फटाके नेमके कशाचे? बांधाचा दावा काही चितेवर जळत नाही. वारसांची नावं लागतात, आणि पुढच्या तारखेला त्याचा पोरगा कोर्टात समोर उभा असतो. तुमचं ते स्टेटस त्याच्या मोबाईलमध्ये असतंच.