पोलाद कारखान्यांचा खटला : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

१९५२च्या अमेरिकी पोलाद खटल्यावरील माझ्या लेखावर आपण इतक्या तपशिलात लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. त्या वर्षी अध्यक्ष ट्रुमन यांनी संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली. ट्रुमन यांची लोकप्रियता ओसरली होती म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अडवले, लिंकन किंवा रूझवेल्ट यांच्यासारखा खंबीर अध्यक्ष समोर असता तर न्यायाधीशांनी मान तुकवली असती, असा आपला आक्षेप आहे. आपण दिलेले दाखले खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

लिंकन यांचा प्रसंग मी मूळ लेखात घ्यायला हवा होता, ही त्रुटी मान्य करतो. यादवी युद्धाच्या सुरुवातीला, मे १८६१मध्ये, मेरीलँडच्या जॉन मेरीमन यांना लष्कराने पकडून बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्यात ठेवले. सरन्यायाधीश टॉनी यांनी त्यांना न्यायालयापुढे हजर करण्याचा हुकूम दिला, सेनाधिकाऱ्याने तो पाळला नाही, आणि अवमानाचा आदेश घेऊन गेलेल्या मार्शलला (न्यायालयाच्या अंमलबजावणी अधिकाऱ्याला) किल्ल्याच्या बाहेरच्या दरवाजातूनच परत फिरावे लागले. न्यायालयाकडे फौज नसते हे आपले म्हणणे याहून स्पष्ट कुठे दिसणार? पण लिंकन तेवढ्यावर थांबले नाहीत. ४ जुलै रोजी त्यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, आपल्या कृतीचे समर्थन मांडले आणि मार्च १८६३मध्ये काँग्रेसने कायदा करून, कैद्याला न्यायालयापुढे हजर करण्याचे बंधन स्थगित ठेवण्याचा अधिकार त्यांना दिला.

रूझवेल्ट यांच्याबाबतीत आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे कोरेमात्सु खटला. दुसऱ्या महायुद्धात रूझवेल्ट यांनी काढलेल्या १९४२च्या आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरेदारे सोडावी लागली. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. डिसेंबर १९४४मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ही कारवाई उचलून धरली. तो निकाल मी अन्यायच मानतो. पण तो लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनीच १९५२मध्ये ट्रुमन यांच्याविरुद्धचा निकाल लिहिला. निकाल लिहिणारे न्यायाधीश तेच, दोन्ही वेळा युद्ध सुरू. मग फरक कशाचा? १९४२मध्ये काँग्रेसने महिन्याभरातच अशा आदेशांचा भंग हा गुन्हा ठरवणारा कायदा केला होता. याउलट १९४७मध्ये कामगार संघटना आणि संप यांविषयीचा टाफ्ट-हार्टली कायदा करताना, संप टाळण्यासाठी सरकारला कारखाने ताब्यात घेऊ देण्याची सूचना काँग्रेसने फेटाळली होती. तरीही ८ एप्रिल १९५२ रोजी ट्रुमन यांनी केवळ आपल्या आदेशाने देशातले बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घेतले.

शिवाय त्या खटल्यातले नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनी नेमलेले होते. ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी बर्टन आणि क्लार्क या दोघांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले, आणि क्लार्क तर त्यांचेच माजी सर्वोच्च विधी अधिकारी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल. ट्रुमन यांच्याविरुद्धच मत देणारे न्यायमूर्ती जॅक्सन यांची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९४१मध्ये रूझवेल्ट यांचे अ‍ॅटर्नी जनरल असताना त्यांनी कॅलिफोर्नियातील विमान कारखान्याच्या जप्तीचे समर्थन केले होते, आणि सरकारने तेच त्यांच्यापुढे ठेवले. वकील म्हणून केलेला युक्तिवाद, तो स्वतःचा असला तरी, न्यायाधीशाने प्रमाण मानू नये, अशी भूमिका त्यांनी घेतली. काँग्रेसची संमती असेल तेव्हा अध्यक्षाचा अधिकार सर्वांत बळकट, ती गप्प असेल तेव्हा संदिग्ध, आणि तिच्या इच्छेविरुद्ध असेल तेव्हा सर्वांत क्षीण, ही त्यांची मांडणी आजही खटल्याखटल्यांत उद्धृत होते. अध्यक्षाच्या लोकप्रियतेपेक्षा ही मांडणी लिंकन, रूझवेल्ट आणि ट्रुमन या तिघांनाही अधिक नीट लागू पडते, असे माझे मत आहे. तिच्यात दिलासा आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण काँग्रेस आणि अध्यक्ष एक झाले की दुबळ्यांना वाली उरत नाही, हे कोरेमात्सु खटल्यातच दिसले.

उद्या एखाद्या अध्यक्षाने निकालच मानला नाही तर काय, हा आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे. ट्रुमन यांना २ जूनचा निकाल साफ चुकीचा वाटत होता, तरी त्यांनी कारखाने लगेच मालकांना परत केले. कामगार संपावर गेले, कोरियात लढाई चालूच होती. १० जून रोजी ट्रुमन स्वतः काँग्रेसपुढे उभे राहिले आणि कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांनी कायद्याने मागितला. काँग्रेसने तो दिला नाही. संप ५३ दिवस चालला, आणि त्या काळात ट्रुमन यांनी जप्तीचा दुसरा आदेश काढला नाही.