सेकंडहँड ईव्ही घेताय? बॅटरीचं नावसुद्धा काढू नका

सर्वप्रथम टायरला लाथ मारा. गाडी विजेवर चालते म्हणून बापजाद्यांची पद्धत सोडायचं कारण नाही. सोबत पेट्रोल गाड्यांतले जाणकार मामा न्या. ते बॉनेट उघडून डिपस्टिक शोधतील, मागे वाकून सायलेन्सर शोधतील आणि दोन्ही न सापडल्यावर निर्वाळा देतील, "गाडी एकदम क्लीन आहे." मामांचा शब्द खाली पडू देऊ नये.

मग सीट कव्हर, अलॉय व्हील आणि टचस्क्रीन यांची कसून तपासणी करा. घासाघीसही त्यांच्यावरूनच करा. गाडीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा पोटाखालच्या बॅटरीत असतो, पण ती दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यावर शंका घेणं आपल्या संस्कारात बसत नाही.

डॅशबोर्डवर १०० टक्के दिसले की हात जोडा. डबा काठोकाठ भरलाय, एवढंच तो आकडा सांगतो. डबा किलोचा राहिलाय की पाऊण किलोचा झालाय, हे 'एसओएच' (स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे बॅटरीची तब्येत) नावाचा वेगळा आकडा सांगतो. काही नतद्रष्ट लोक ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणी-सॉकेटला, डोंगल लावून तो वाचतात, बॅटरीतल्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक मिलिव्होल्टमध्ये बघतात, वर सर्व्हिस सेंटरचा लेखी रिपोर्ट मागतात. अशांना मालक चहासुद्धा विचारत नाही.

त्याहून वाईट जमात म्हणजे गाडी २० टक्क्यांवर आणून, युनिट मोजणाऱ्या चार्जरवर पूर्ण भरून बघणारे. २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, म्हणजे तितक्याच युनिटांची. तिचे ८० टक्के म्हणजे २४ युनिट. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली तर मीटरवर २६-२७. तुमची गाडी २०-२१ युनिटांतच तुडुंब झाली, तर आनंद माना. मिताहारी गाडी मिळायला भाग्य लागतं, शिवाय बिल कमी येतं.

टेस्ट ड्राइव्ह मात्र जरूर घ्या. जागा मी सुचवतो: कात्रजचा घाट. चढायचं काम मालकाला करू द्या, तुम्ही बोगद्यापाशी स्टिअरिंग हातात घ्या आणि पुण्याकडे उतरा. उतारावर मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत भरते. खाली येईपर्यंत टक्के वाढलेले दिसले, की मालकाला मिठी मारा. "एका चार्जमध्ये आरामात तीनशे" असं तो म्हणेलच. नेक्सॉनच्या कंपनीचा आकडाही ३१२ किलोमीटरचा होता, पण तो एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला. नव्याकोऱ्या गाडीलाही रस्त्यावर दोनशेच्या आसपासच मिळत, पण शुभकार्यात असलं बोलू नये.

नंबरप्लेटच्या रंगावरून कीस काढू नका. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे टॅक्सी. पाटी नवीकोरी आणि आरसीचा इतिहास जरा रंगीत निघाला, तर मालक हौशी आहे असं समजा. आधीच्या, टॅक्सीच्या जन्मात गाडी भर मे महिन्यात रोज फास्ट चार्जरला लटकली असेल, तर तिला उन्हाची सवय झालीय, हा फायदाच.

वॉरंटी? असतेच की! त्या नेक्सॉनच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर होती, पाठ करून ठेवा. दुसऱ्या मालकाला तीच मिळते की अटी बदलतात, हे बारीक अक्षरांत असतं. बारीक अक्षरं वाचून डोळे खराब होतात, आणि चष्म्याला वॉरंटी नसते.

एमजीच्या विंडसरसारखी गाडी असेल तर सगळ्यात सोपं. ती २०२४ मध्ये ९.९९ लाखांत आली तेव्हा त्या किमतीत बॅटरी नव्हतीच. बॅटरीचं भाडं तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये होतं, ते वेगळं. अशी गाडी स्वस्तात मिळाली तर बॅटरीचा करार कोणाच्या नावावर आहे, हप्ते थकलेत का, असलं काही विचारू नका. मालकाने विकलेलीच नाही ती वस्तू तपासणार कशी?

व्यवहार रविवारी उरका. त्या दिवशी बँक बंद, आरटीओ बंद, आणि मामांना वेळ असतो.