गॅसच नाही, तर प्रकल्प चालवायचा कशावर?

वीजबिलं वाढली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: "जपानकडे गॅसचा थेंब नाही, तरी तिथली एक तृतीयांश वीज गॅसवर. भारतात जेमतेम २ टक्के! कोळसेवाल्यांसाठी आपले गॅस प्रकल्प गंजत ठेवलेत. दाभोळ चालवा, मुंबईला स्वच्छ आणि स्वस्त वीज मिळेल."

टक्केवारी साधारण बरोबर आहे, म्हणूनच मेसेज पटतो.

पण जपानचा आकडा एवढा कशामुळे, ते बघा. जहाजाने द्रवरूप गॅस आणणं तिथे १९६९ पासून चालू आहे. त्याचा वाटा ४० टक्क्यांपार गेला तो मार्च २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर. तोवर पाव हिश्श्याहून जास्त वीज देणाऱ्या अणुभट्ट्या एकेक करून बंद पडल्या आणि ती जागा महागड्या गॅसने भरावी लागली. २०१५ पासून काही भट्ट्या परत सुरू झाल्या, तसा हा वाटा उतरला. बरं, कोळसा तरी सोडला का? आजही तीसेक टक्के वीज कोळशाचीच आहे. (आणि थेंबभर गॅस निघतो हो, निईगाताकडे.)

आता "स्वस्त". चांगल्या कंबाइंड सायकल प्रकल्पात (गॅस जाळून उरलेल्या उष्णतेवरही वीज करणाऱ्या) एका एमएमबीटीयू (गॅस मोजायचं उष्णतेचं एकक) गॅसमधून साधारण १४५ युनिट वीज निघते. आयात गॅस १२ डॉलरला पडला आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर हजार रुपये झाले. म्हणजे युनिटमागे ७ रुपये, तेही नुसत्या इंधनाचे. पाइपलाइनचं भाडं, प्रकल्पाचा हप्ता, वहनखर्च वेगळा. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर हाच गॅस आशियात ५० डॉलरच्याही वर गेला होता. तो गुणाकार तुम्हीच करा.

"गंजत ठेवलेत" हा आरोप सगळ्यात गळ्याखाली उतरणारा, आणि सगळ्यात पोकळ. आपले बरेच गॅस प्रकल्प कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसच्या भरवशावर होते. तो २००९ मध्ये सुरू झाला, २०१० नंतर आटत गेला आणि २०१३ पर्यंत वीज प्रकल्पांच्या हाती जवळजवळ काही उरलं नाही. दाभोळही त्यात होरपळला. तो तर मुळात नाफ्थ्यावर, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या इंधनावर, सुरू झाला आणि त्याआधी २००१ मध्ये एकदा बंदही पडला होता. एवढं लांब कशाला, उरणला बघा. बॉम्बे हायचा गॅस जिथे किनाऱ्याला लागतो, तिथेच महानिर्मितीचा ६७२ मेगावॉटचा प्रकल्प आहे, आणि तोच वर्षानुवर्षं गॅसअभावी अर्धपोटी चालत आलाय.

देशी स्वस्त गॅस जातो कुठे? घरगुती पाइप गॅस आणि सीएनजीला प्राधान्य आहे. खत कारखान्यांनाही त्यातला काही वाटा जातो. तो गॅस दाभोळला वळवा म्हणणाऱ्याने आपल्या नाक्यावरच्या रिक्षावाल्याला आधी विचारून यावं.

एक मुद्दा मात्र मान्य. कोळशाच्या मानाने गॅसचा कार्बन निम्म्याच्या आसपास, आणि प्रकल्प चटकन चालू-बंद होतात. सूर्य मावळल्यावर मागणी चढते तेव्हा त्याचा उपयोग आहे. म्हणूनच २०२४ च्या उन्हाळ्यात, १ मे ते ३० जून, केंद्राने गॅस प्रकल्पांना वीज देण्याचा आदेश काढला होता. दोन महिन्यांसाठी, बारमाही नव्हे.