‘संगणक लावलेला कार्ब्युरेटर’: मिनीच्या सुपरचार्जरवरील आक्षेपांना उत्तर

माझ्या मिनीवरील कामाबद्दल आपण दिलेल्या प्रतिक्रियेत मुख्यतः तीन आक्षेप आहेत. १२७५ सीसीच्या जुन्या मिनी मोटारीला ईटन एम४५ सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) जोडल्यावर एसयू कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे यांत्रिक उपकरण) काढून फ्युएल इंजेक्शन (संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारण्याची प्रणाली) घालण्याची काहीच गरज नव्हती, दोन्ही इंजेक्टर सुपरचार्जरच्या अलीकडे, थ्रॉटलपाशी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपाशी) बसवल्यामुळे प्रत्यक्षात ‘संगणक लावलेला कार्ब्युरेटर’च तयार झाला, आणि इंजिनाखालच्या वंगणतेलाच्या टाकीत बसवलेला या गाडीचा गिअरबॉक्स एवढा जोर सोसणार नाही. तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्यातील वर्णन बरेचसे बरोबर असले तरी त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. पहिल्याकडे मात्र नीट पाहायला हवे, कारण खरा वाद तिथेच आहे.

एसयू कार्ब्युरेटर हे अत्यंत हुशार यंत्र आहे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. जितकी हवा आत जाईल तितका त्याचा पिस्टन वर उचलला जातो, त्याबरोबर निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोलचे प्रमाण ठरते. पण याचाच अर्थ असा, की त्याला फक्त हवेचा प्रवाह कळतो; ती हवा कोणत्या दाबाने आणि किती फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये भरली जात आहे, हे कळत नाही. २५०० आरपीएमवर मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीतील) एकूण दाब १.५ बार असताना आणि ५००० आरपीएमवर तो ०.७५ बार असताना इंजिन जवळजवळ सारखीच हवा ओढते. दोन्ही वेळी सुई एकाच उंचीवर असते आणि हवा-पेट्रोलचे प्रमाणही एकच मिळते. पहिल्या स्थितीत मात्र नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे धक्के) टाळण्यासाठी ते १२:१ च्या आसपास हवे, तर दुसऱ्या स्थितीत १४:१ पुरेसे असते. सुई बूस्टसाठी (वातावरणापेक्षा जास्त दाबासाठी) घासली तर साध्या चालीत पेट्रोल वाया जाते, आणि साध्या चालीसाठी घासली तर चढावर इंजिनाचे पिस्टन धोक्यात येतात. सुपरचार्जर नसलेल्या इंजिनात ही तफावत फारशी जाणवत नाही, म्हणून तिथे एसयू इतकी वर्षे उत्तम चालला.

ठिणगीच्या बाबतीत अडचण याहून मोठी आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखच नाही. जुना डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटणारे उपकरण) वजनांच्या साहाय्याने फेऱ्यांप्रमाणे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे नेतो आणि व्हॅक्यूम असेल तेव्हा त्यात थोडी भर घालतो. बूस्ट आल्यावर टायमिंग मागे घेण्याची सोय त्यात मुळातच नाही. त्यामुळे कार्ब्युरेटर ठेवणारे बहुतेक जण सरसकट टायमिंग मागे घेतात, आणि ज्या हलक्या चालीत गाडी सर्वाधिक काळ असते तिथे इंजिन मंद आणि गरम होते. फेरे आणि मॅनिफोल्डचा दाब या दोहोंवर आधारलेला तक्ता संगणकात असेल, तर वर सांगितलेल्या दोन स्थितींना वेगवेगळे पेट्रोल आणि वेगवेगळी ठिणगी देता येते. खरे तर मला ठिणगीचाच तक्ता हवा होता. त्याच संगणकाकडून पेट्रोलचेही काम होते, हा त्याचा पुढचा फायदा.

आता इंजेक्टरच्या जागेविषयी. मिनीच्या या ए-सिरीज इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरील झाकणात) चार सिलिंडरांसाठी दोनच इनटेक पोर्ट (मिश्रण आत येण्याचे मार्ग) आहेत: एक पहिल्या आणि दुसऱ्यासाठी, दुसरा तिसऱ्या आणि चौथ्यासाठी. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे दुसरा सिलिंडर श्वास घेतो आणि लगेच पहिला घेतो. त्यानंतर तो पोर्ट बराच वेळ स्वस्थ असतो. त्या काळात पोर्टमध्ये पडलेले पेट्रोल आतल्या (दुसऱ्या) सिलिंडरला मिळते आणि त्याच्यामागून येणाऱ्या बाहेरच्या (पहिल्या) सिलिंडरला ते कमी पडते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या सक्शनची वेळ साधून पेट्रोल सोडणे. परंतु ६००० आरपीएमवर पूर्ण चक्राला २० मिलिसेकंद लागत असताना एका सक्शन स्ट्रोकच्या वाट्याला जेमतेम ५ येतात. तेवढ्या वेळात पुरेल इतका मोठा इंजेक्टर घेतला, की आयडलिंगला त्याचे नियंत्रण सुटते. मिनीच्या कारखान्यानेही १९९१ च्या मिनी कूपरमध्ये थ्रॉटलपाशी एकच इंजेक्टर बसवला होता. प्रत्येक पोर्टला एक इंजेक्टर ही रचना १९९६ मध्ये आली. इंजेक्टर अलीकडे ठेवले की मिश्रण सुपरचार्जरमध्येच एकजीव होते आणि सामायिक पोर्टचा प्रश्न बराच सौम्य होतो. याला कार्ब्युरेटर म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण त्याच्याकडे दाब ओळखणारा तक्ता आहे, आणि तोच एसयूकडे नव्हता.

या निवडीची किंमत मात्र मोजावी लागते. रूट्स जातीचा सुपरचार्जर हवा स्वतःच्या आत दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. त्याची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर अर्धा बार बूस्टवर २० अंशांची हवा ८० अंशांपर्यंत तापते. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने त्यातले कागदावर पंचवीसएक अंश परत मिळतात. पण ओले मिश्रण इंटरकूलरमधून (तापलेली हवा गार करणाऱ्या उपकरणातून) नेणे शहाणपणाचे नाही, म्हणून तो मार्ग बंद होतो. बॅकफायर झाला, म्हणजे ज्वाला उलटी मॅनिफोल्डमध्ये आली, तर सुपरचार्जरपासून हेडपर्यंतचे सगळे मिश्रण पेटू शकते. त्यासाठी मॅनिफोल्डवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह अत्यावश्यक आहे. हवेच्या तापमानाचा सेन्सर ओल्या प्रवाहात विश्वासार्ह राहत नाही, ही आणखी एक कटकट. या बाबतीत कोरड्या हवेची रचना सरस आहे, हे मी मान्य करतो.

गिअरबॉक्सविषयी आपण म्हणता ते योग्यच आहे. १९८२ च्या एमजी मेट्रो टर्बोमध्ये याच इंजिनाचा बूस्ट कमी फेऱ्यांवर मुद्दाम मर्यादित ठेवला होता, आणि त्यामागे गिअरबॉक्सचीच काळजी होती. सुपरचार्जरची अडचण अशी, की त्याचा जोर खालच्या फेऱ्यांपासूनच येतो, म्हणजे नेमका गिअरच्या दातांवर ताण पडतो तिथे. म्हणूनच मी लहान पुली लावण्याचा मोह टाळला आहे आणि बूस्ट अर्ध्या बारच्या वर नेलेला नाही. ‘मग आधुनिक इंजिनच का बसवले नाही’ या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: त्यासाठी पुढची सबफ्रेम (इंजिन धरून ठेवणारी चौकट) बदलावी लागते आणि बहुधा बॉडीही कापावी लागते, तर इथला प्रत्येक भाग बोल्ट सोडून परत काढता येतो.

आपण स्वतः एसयू ठेवूनच सुपरचार्जर लावणार आहात, असे लिहिले आहे. तसे असल्यास निदान ठिणगीसाठी तरी दाब ओळखणारी प्रोग्रॅमेबल प्रणाली बसवा, कम्प्रेशन रेशो ८.५:१ च्या आसपास आणा, आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा) लावल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका. सुई बूस्टच्या बाजूने निवडा. साध्या चालीत जादा पेट्रोल जाईल, पण पिस्टन शाबूत राहतील.