कापलेल्या तुकड्याची चौकशी करू नये

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तुमच्या हातात चार-पाच पानांचं संमतिपत्र येईल. ते वाचायला घेऊ नका. फॉर्म वाचत बसणारा पेशंट कोणालाच आवडत नाही, आणि उद्या सकाळी सुरी कोणाच्या हातात असणार आहे याचाही विचार करा. सिस्टर बोट ठेवतील तिथे सही करावी, फार तर ‘इथे पण का?’ एवढं विचारावं. शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, काढलेल्या टिश्यूचा वापर शिक्षण व संशोधनासाठी करण्याबद्दल काहीतरी असतं. टिश्यू म्हटलं की नाक पुसायचा कागद डोळ्यांसमोर येतो. येऊ द्या. त्या शब्दाची नेमणूक त्यासाठीच आहे.

गुंगी उतरली की एकच पथ्य: जे काढलं त्याची चौकशी करायची नाही. ‘तुकडा तपासायला पाठवलाय’ असं कळलं की मान डोलवायची. रिपोर्ट येईल, तुकडा येणार नाही. तो फॉर्मलिनमध्ये भिजेल, मेणाच्या ठोकळ्यात बसेल, त्याचे पापुद्रे काचपट्टीवर चढतील. रिपोर्ट लिहून झाल्यावर जे उरेल त्याचं काय, असं सुसंस्कृत माणूस विचारत नाही.

शास्त्र असं आहे की शरीराच्या प्रत्येक भागाला तीन अवस्था असतात. पोटात असेपर्यंत तो तुमचा. ट्रेमध्ये पडला की कचरा. ट्रे प्रयोगशाळेच्या दारातून आत गेला की संपत्ती. तुकडा तोच राहतो, दारं तेवढी बदलतात.

हे ज्याला उमगलं नाही तो जॉन मूर. ल्युकेमियाच्या एका दुर्मिळ प्रकारावर उपचार म्हणून १९७६ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात त्याची प्लीहा काढली. ऑपरेशन गरजेचं होतं, गुणही आला. इथपर्यंत आदर्श पेशंट. पुढची सात वर्षं तो सिएटलहून विमानाने तपासणीला जात राहिला आणि रक्त, मज्जा, त्वचा, वीर्य, मागतील ते देत राहिला. सिएटलमध्ये रक्त काढणारं कोणी नव्हतं असं नाही, पण हे काम इथेच व्हायला हवं असं त्याला सांगितलं होतं. जाण्यायेण्याबद्दल त्याने कुरकुर केली तेव्हा डॉक्टरांनी तिकिटाचे पैसे देण्याची तयारी दाखवली. तुम्हाला-मला यात निव्वळ माया दिसली असती.

१९८३ साली त्याच्यापुढे एक नवा फॉर्म आला. माझ्या रक्तातून आणि मज्जेतून पुढे जे काही तयार होईल त्यावरचे माझे व माझ्या वारसांचे सर्व हक्क मी विद्यापीठाला ‘देतो / देत नाही’, अशा अर्थाचा. हवं त्याला गोल करायचा. रक्त द्यायला आलेल्या माणसाला त्याच्या वारसांची आठवण करून देणारी लॅब विरळाच! पहिल्यांदा त्याने ‘देतो’ला गोल केला. पुढच्या खेपेला ‘देत नाही’ला. मग डॉक्टरांचे फोन सुरू झाले, की तुमच्या हातून चूक झालेली दिसते. फॉर्म पुन्हा घरी आला, वर ‘देतो’ला गोल करा अशी चिठ्ठी डकवलेली. मुळात दोन पर्याय छापायची गरज काय होती, हे मला कळत नाही. असल्या उधळपट्टीनेच पेशंटचे गैरसमज होतात.

मूरने फॉर्म वकिलाकडे पाठवला. त्याच्या प्लीहेतल्या पेशींपासून प्रयोगशाळेत एक अखंड वाढणारा पेशीवंश तयार झाला होता आणि त्याच्या पेटंटसाठी १९८१च्या जानेवारीतच अर्ज गेला होता. गोल करायला सांगितला तो त्यानंतर दोन वर्षांनी. १९८४मध्ये पेटंट मिळालं, शोधक म्हणून डॉक्टर आणि सहकारी संशोधक यांची नावं लागली. पेशीवंशाचं नाव मात्र ‘मो’. म्हणजे मूरला अगदीच वगळलं असं कोणी म्हणू नये, अर्धं आडनाव त्याच्या वाट्याला आलं.

१९९० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. डॉक्टरने संशोधनातला आणि पैशातला आपला रस आधीच सांगायला हवा होता, त्याबद्दल पेशंटला दावा करता येईल. पण शरीराबाहेर गेलेल्या पेशींवर त्याला मालकी सांगता येणार नाही, कारण तशी सांगू दिली तर संशोधनाला खीळ बसेल. हे नीट समजून घ्या. मालकीने खीळ बसते ती मालकी पेशंटची असेल तरच. पेटंटने बसत नाही, पेटंट हे वंगण असतं. वेगळं मत नोंदवणाऱ्या एका न्यायमूर्तींनी लिहिलं, की याच पेशी कोणी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून पळवल्या असत्या तर विद्यापीठाला मालमत्ता गेल्याचा दावा नक्कीच करता आला असता. असले कुजके मुद्दे अल्पमतात गेलेलेच बरे.

मूर जिवंत होता, म्हणून एवढा ताप झाला. हेन्रिएटा लॅक्स यांनी तोही दिला नाही. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियमचा उपचार करताना तिथलेच दोन तुकडे काढून घेतले. विचारलं नाही, आणि तेव्हा विचारायचा कायदाही नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात, एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. पेशी गेल्या नाहीत. दिवसागणिक दुप्पट होत त्या जगभरच्या प्रयोगशाळांत पोचल्या, साल्क यांच्या पोलिओ लसीच्या चाचणीला उपयोगी पडल्या, अंतराळातही जाऊन आल्या. रुग्णालयाने त्या फुकट वाटल्या हेही खरं, विकणारे नंतर आले. उपकार केवढे झाले त्याला मोजमाप नाही, आणि मी तरी ते परत करायला तयार नाही. विचारायला साधारण दोन मिनिटं लागली असती, एवढीच काय ती बारीक खुसपट.

घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं गेली, आणि कळलं तेही त्यांचं रक्त हवं होतं म्हणून. तोवर त्या बाईंचं नाव जगात ‘हेलन लेन’ असं फिरत होतं. २०१३मध्ये तर त्या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा इंटरनेटवर मांडून झाला. तो मुला-नातवंडांचाही अर्धामुर्धा आराखडा असतो, ही गोष्ट घाईत राहून गेली. नंतर तो मागे घेतला, समिती नेमली, तीत घरचे दोघे घेतले. २०२३मध्ये थर्मो फिशर या कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली. किती रकमेला, ते गुप्त आहे. गोपनीयता म्हणजे काय ते शेवटी कळलं म्हणायचं.

तुम्ही म्हणाल, आता काळ बदललाय, नाव पुसून टाकतात. बरोबर. अमेरिकी नियमांनुसार नमुन्यावरची ओळख पुसली की त्यावरचं संशोधन हे ‘माणसावरचं’ संशोधनच राहत नाही. तुमच्यावरचं लेबल खरवडलं की तुमचं माणूसपणही निघतं, किती सुटसुटीत! तिथे सगळ्याच नमुन्यांसाठी संमती घ्यावी असा प्रस्ताव २०१५मध्ये आला होता, २०१७च्या अंतिम नियमांतून तो गळला. त्याआधीच, २०१३मध्ये, संशोधकांनी निनावी जनुकीय माहितीवरून आडनावं शोधून दाखवली होती. पण तुम्ही कशाला काळजी करता, शोधणारे सगळे सज्जन आहेत.

रक्त एका कामासाठी दिलं असेल तर त्या कामाचं काय झालं हे बघायला जाऊ नका. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई आदिवासी लोकांनी १९९०च्या सुमारास अॅरिझोना स्टेट विद्यापीठाला मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. २००३ साली त्यांच्यातलीच एक बाई त्याच विद्यापीठात प्रबंधाचं सादरीकरण ऐकायला बसली आणि ते आपल्याच रक्ताबद्दल आहे हे तिच्या ध्यानात आलं. विषय मधुमेह नव्हता. त्या रक्तातून स्किझोफ्रेनिया, आप्तविवाह, पूर्वज कुठून आले, सगळं पाहून झालं होतं. २०१०मध्ये सात लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत मिळालं. व्याख्यानं ऐकायची सवय अशी महागात पडते, विद्यापीठाला.

लिव्हरपूलच्या ‘आल्डर हे’ नावाच्या बालरुग्णालयाबद्दलही सांगणार होतो. सुमारे ८५० बाळांचे अवयव तिथे घरच्यांना न विचारता दोन हजारांवर बरण्यांत ठेवले होते, आईवडिलांनी मूल एकदा पुरलं आणि मग सापडलेले अवयव पुन्हा पुरले. तिथे मला सल्ला सुचत नाही.

तुमचं ऑपरेशन मात्र बिनधास्त करून घ्या. आणि टाके सुकून चार वर्षं झाल्यावर डॉक्टर स्वतः फोन करून तब्येत विचारू लागले, ‘थोडं रक्त द्यायला या, तिकिटाचं आम्ही बघतो’ म्हणाले, तर घरच्यांना कौतुकाने सांगा की डॉक्टर किती जिव्हाळ्याचे मिळालेत. बॅग भरा. पेन नेऊ नका, ते तिथे मिळतं.