श्रावण पाळणारा व्यसनी नसतो, हा समज

आषाढ सरत आला की खानदेशातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: जो माणूस श्रावणात महिनाभर दारू सोडतो तो व्यसनी नव्हे; ज्याला तेवढेही जमत नाही त्याचे मन दुबळे आहे, त्याला घरच्यांनी चार दिवस खोलीत कोंडावे, म्हणजे दारू आपोआप सुटते; तरीही न ऐकल्यास जेवणातून न सांगता चूर्ण द्यावे; बिअरची आणि मोहाच्या दारूची काळजीच करू नये; आणि पिणारा आपल्याच शरीराचे वाटोळे करतो, इतरांनी त्यात पडण्याचे कारण नाही. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातल्या एका सल्ल्याने माणूस दगावू शकतो, म्हणून एकेक मुद्दा तपासणे भाग आहे.

आधी श्रावणाविषयी. मद्यविकाराचे निदान आज अकरा लक्षणांवरून करतात. ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, तल्लफ येणे, घरच्या व कामाच्या जबाबदाऱ्या चुकणे, तेवढ्याच नशेसाठी प्रमाण वाढवावे लागणे ही त्यांपैकी काही. वर्षभरात यांतली कोणतीही दोन आढळली तरी सौम्य विकार मानला जातो आणि सहा किंवा अधिक आढळल्यास तो तीव्र ठरतो. महिनाभर थांबता आले म्हणून विकार नाही, अशी सूट या निकषांत कोठेही नाही. गटारीला महिन्याचा कोटा भरून घेणारा आणि पोळा फुटल्याबरोबर पुन्हा पूर्वीच्याच मापावर जाणारा माणूस श्रावण पाळतो, हे खरे; पण प्रश्न थांबता येण्याचा नसून पुन्हा सुरू केल्यावर हात आवरता येण्याचा आहे. यकृतावर चढलेली चरबी काही आठवडे दारू वर्ज्य केल्याने उतरू लागते, एवढा लाभ मात्र श्रावणाच्या पदरात टाकलाच पाहिजे.

कोंडून ठेवण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनव्यवस्थेला बळ देते आणि उत्तेजित करणारी दाबते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू या दाबाला तोंड देण्यासाठी उत्तेजनाची बाजू वाढवून ठेवतो. दारू एकाएकी बंद झाली की दाब निघून जातो आणि वाढलेले उत्तेजन तेवढे मागे उरते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काही रुग्णांना तीव्र भ्रम होतो, ज्यात माणूस स्थळकाळ विसरतो, भिंतीवर किडे किंवा समोर नसलेली माणसे पाहतो, त्याला ताप येतो आणि नाडी धावते. उपचार न मिळाल्यास या अवस्थेत मृत्यू ओढवू शकतो. आता हिशेब पाहा: गटारीच्या अमावस्येला शेवटचा पेला घेतला, तर हे दिवस श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात येतात. मग घरच्यांना वाटते की श्रावण पाळला आणि काहीतरी बाहेरचे लागले. भगताला बोलावणे जाते आणि त्यात जो वेळ जातो तो रुग्णालयात जायला हवा होता. सगळ्यांनाच हे होत नाही. पण रोज भरपूर पिणारा, वयस्कर, आधी फिट येऊन गेलेला किंवा खाणेपिणे सुटलेला माणूस असेल, तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी. योग्य औषधांनी हा काळ सुखरूप पार पडतो. अशा रुग्णाला गावात नुसती ग्लुकोजची बाटली लावून मोकळे होण्याची रीत आहे, तीही धोक्याची. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व आधी किंवा सोबत न दिल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

चूर्णाविषयी थोडक्यात. अशा पुड्यांत काय असते हे पुडी देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायल्यास शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचते, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. म्हणूनच ते रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. नकळत दिलेल्या गोळीवर एखाद्या हृदयरोग्याने क्वार्टर रिचवली, तर पुढे काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

बिअर निरुपद्रवी असल्याचा दावा साध्या गुणाकाराने निकालात निघतो. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे व्हिस्कीच्या तीस-तीस मिलिलिटरच्या चार पेगांइतके. मोहाच्या दारूबाबत प्रामाणिकपणे सांगायचे तर मुंबईच्या मालवणी भागातल्या २०१५ च्या विषारी दारूसारख्या दुर्घटनांत शंभराहून अधिक लोक मेले ते मिथेनॉल या विषारी अल्कोहोलमुळे. मोहफुलाला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. तरीही पहिल्या धारेच्या दारूत अल्कोहोल किती, हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि ते अल्कोहोल यकृताला व अन्ननलिकेला कोणतीही सवलत देत नाही. दारू म्हणजे आदिवासींची संस्कृती असे सांगणाऱ्यांनी नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याकडचा इतिहास आठवावा. १९३० च्या दशकात भिल्ल समाजातलेच गुलाम महाराज आपल्या लोकांना दारू सोडा म्हणून सांगत होते आणि हजारो लोक त्यांच्या मागे गेले.

राहिला 'त्याचे तो भोगेल' हा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली दारूमुळे जगात २६ लाख माणसे मेली. त्यांत रस्त्यावर दुसऱ्याच्या धुंदीने मेलेलेही आहेत, आणि धुळ्याहून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर रोज प्रवास करणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागू नये. अति मद्यपानाने क्षयरोगाचा धोका वाढतो, त्याचे उपचार अर्धवट सुटतात, आणि खोकणारा माणूस एकट्याच्या घरात खोकत नसतो.

मन दुबळे असल्याचा शेरा मारण्याआधी आणखी एक आकडा पाहावा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे दिसले. उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला असेच सल्ले येतात. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजारांत धरल्या आहेत. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. दारू बंद केलेल्या माणसाला भ्रम किंवा फिट दिसली, तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, आणि शेवटचा पेला कधी घेतला ती वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगावी.