मशेरीची डबी आणि सिग्नेचर क्रमांक २९

लहानपणी आत्याकडे साताऱ्याला गेलो की दुपारची झोप एकाच वासाने मोडायची. मागच्या दारी चुलीवर पत्र्याच्या झाकणात तंबाखू भाजायला टाकलेली असायची. काळी पडली की आत्या ती हातानेच चुरून डबीत भरायची, हीच मशेरी. आम्ही पोरं ठसकत अंगणात पळायचो. "तंबाखू खाते म्हणू नका रे, दात घासते मी!" आणि हे दात दिवसातून चारदा घासले जायचे.

धूर घेत नाही, गिळतही नाही, मग कसली काळजी? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तंबाखू भाजताना त्यात बेन्झोपायरीन नावाचं कॅन्सर करणारं रसायन तयार होतं, सिगारेटच्या धुरात असतं तेच. गंमत म्हणजे (गंमत कसली!) आपलं शरीर त्याचा निचरा करायला जातं आणि त्या खटपटीत ते आणखी चिकट होऊन बसतं. डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेली पेशीची पोथी, त्यात 'जी'समोर 'सी' बसतं. ते चिकट रसायन नेमकं 'जी'ला धरतं. पेशी दुभंगताना नक्कल करणारं एन्झाइम तिथे अडखळतं, समोर 'सी'ऐवजी 'ए' लावून मोकळं होतं. पुढच्या नकलेत 'जी'च्या जागी 'टी'. चूक कायमची. रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुफ्फुसाच्या एकेका पेशीत वर्षाला सरासरी १५० बदल साठतात, असा हिशोब २०१६ साली मांडला गेला. तोंडाच्या पेशीत २३.

कॅन्सरच्या गाठीचा जीनोम, म्हणजे तिच्या पेशींतला सगळा डीएनए, वाचला की अशा चुकांची ठरावीक नक्षी दिसते. तिला म्युटेशनल सिग्नेचर म्हणतात आणि क्रमांक देतात. धूम्रपानाची ४. तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरमध्ये सापडली ती २९. म्हणजे गालात धरलेली तंबाखू ही सिगारेटची गरीब धाकटी बहीण नव्हे, तिचं स्वतःचं अक्षर आहे. आपल्याकडच्या या कॅन्सरचे जीनोम नवी मुंबईतल्या खारघरच्या आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या संशोधन संस्थांनी वाचलेत, म्हणजे हे सगळं परदेशी गोऱ्यांपुरतं आहे असंही म्हणायची सोय नाही.

तरी तंबाखूविरोधी जाहिरातींत मला पुरुषच दिसतात. मोरीपाशी उकिडवी बसून मशेरी लावणारी बाई एकदाही दिसली नाही.

गेल्या दिवाळीत डेंटिस्टने आत्याला आरशात गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. मशेरी सोडली म्हणते. डबी अजून मोरीच्या कोनाड्यातच आहे, रिकामी आहे म्हणे. मी उघडून पाहिली नाही, वास येतच होता.